आमचा एक आदर्श : कुमारी दीपा कर्मकार

आदर्श कोणास मानावे, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात केव्हा ना केव्हा उपस्थित होतो. विद्वान, संत व देशसेवक ह्यांची चरित्रे मुलांपुढे ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे आणि तो योग्यच आहे. परंतु उतारवयात ज्या व्यक्तीविषयी आमच्या मनात निस्सीम आदर उत्पन्न झाला, ती एक तरुण मुलगी असून तिचे क्षेत्र व्यायामाचे आहे. त्रिपुरातील आगरतळ्याची जिम्नॅस्ट कुमारी दीपा कर्मकार ही ती मुलगी होय. शब्दरूपे व धातुरूपे घोकवून घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या शिक्षकास एका कसरतपटूचे एवढे कौतुक का वाटावे, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की मल्लखांबाची विद्या पुनरुज्जीवित करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांस मान देणाऱ्या महाराष्ट्रात विद्या व व्यायाम ह्यांचे वैर कधीच नव्हते.

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ रोजी झाला. वडील दुलाल कर्मकार हे भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. सहाव्या वर्षी मुलगी आखाड्यात आली खरी. पण तिचे तळपाय सपाट होते. तळपायाची कमान उडी घेताना शरीरास उचलते व उतरताना धक्का सोसते. ती कमानच नसल्यावर ह्या खेळात मोठे नाव मिळण्याची आशा कोणी करावी? तथापि तिचे गुरू विश्वेश्वर नंदी ह्यांनी ती आशा सोडली नाही. सततच्या व्यायामाने त्यांनी त्या पायांस वळण लावले. साधनांची तर वाणच होती. जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून केलेल्या साधनावर तिचा सुरुवातीचा सराव झाला, हे आता सर्वश्रुत आहे.

ही हकिकत पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशास विशेष भिडावी. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्कूटरींवर एके काळी उभ्या भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबे फिरली. जीर्ण झालेली स्कूटर भंगारात जाते, एवढेच आम्हा लोकांस ठाऊक. तिच्या भागांतून एका मुलीचे उड्डाण घडू शकते, हे आगरतळ्याच्या गुरुशिष्यांनी दाखविले.

दीपाच्या उडीचे नाव ‘प्रोदुनोव्हा’. येलेना प्रोदुनोव्हा ह्या रशियन खेळाडूवरून ते पडले. वेगाने धावत यावे, स्प्रिंगेच्या फळीवर उसळावे, दोन्ही हात १२५ सेंटिमीटर उंचीच्या मेजावर टेकून स्वतःस वर फेकावे, हवेत पुढील बाजूस दोन कोलांट्या घ्याव्या आणि पायांवर उतरावे, असा तिचा क्रम आहे. ह्यात अंदाज किंचित चुकला तरी मान किंवा पाठीचा कणा धोक्यात येतो. म्हणूनच जगात फारच थोड्या स्त्रियांनी ती स्पर्धेत यशस्वी केली आहे. २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ह्याच उडीच्या बळावर दीपाने कांस्यपदक मिळविले. पुढे ऑलिंपिकमध्ये उतरणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या अंतिम फेरीत तिला १५.०६६ गुण मिळाले व कांस्यपदक विजेतीस १५.२१६. अवघ्या ०.१५० गुणाने पदक गेले आणि दीपा चौथी आली.

आमच्या आदराचे मूळ ह्या चौथ्या क्रमांकात आहे. आमच्या ह्या औद्योगिक वसाहतीत पुष्कळ घरी मुलाचा क्रमांक हाच मुलाचा परिचय होऊन बसला आहे. पहिल्या तिघांत नाही तो जणू नापासच! दीपाने मात्र रिओला जाताना सोबत राज्यशास्त्राची पुस्तके नेली होती, आणि परतल्यावर जयघोष व सत्कार चालू असतानाच ती एम. ए.च्या परीक्षेस बसली. अपयशाने जिची दिनचर्या मोडली नाही व कीर्तीनेही मोडली नाही, तिला आम्ही स्थिरबुद्धी म्हणतो.

आदर्शाच्या चरित्रातील उणी बाजू झाकण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हांस तो मान्य नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात हिजेनामिन हे निषिद्ध द्रव्य आढळले आणि तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ते द्रव्य अजाणता पोटात गेले, असे तिचे म्हणणे होते. परंतु खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा ह्या क्षेत्राचा कडक नियम आहे. तो कडक असला तरी अन्याय्य नव्हे. दीपाने शिक्षा स्वीकारली व १० जुलै २०२३ रोजी ती संपेपर्यंत भोगली. त्यापूर्वीच, २०१७ साली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली. वय तिशीकडे झुकलेले. आणि ह्या खेळात पंचविशीच उतरणीची मानतात.

चाकणच्या कारखान्यांत मोटारीचा एखादा भाग मापात बसला नाही, तर तपासनीस तो बाजूस काढतो व त्याचे भंगार होते. यंत्राच्या बाबतीत हा न्याय सर्वथा योग्य. माणसाच्या बाबतीत मात्र तो लावण्याची घाई करू नये. मे २०२४ मध्ये ताश्कंद येथील आशियाई स्पर्धेत ह्याच प्रकारात दीपाने सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने निवृत्ती पत्करली.

वाचक मातापित्यांस आमची एवढीच विनंती आहे. मुलगा वा मुलगी निकालपत्र घेऊन घरी आली, म्हणजे ‘कितवा क्रमांक?’ हा प्रश्न घटकाभर मागे ठेवावा. ‘ह्यातले सर्वांत अवघड ते कोणते होते, आणि ते तू कसे केलेस?’ असे आधी विचारावे. मग ते लेकरू जे सांगेल, ते हातातले काम बाजूस ठेवून शेवटपर्यंत ऐकावे.