मोजणीबाहेरची काशी

राजा घाटावर मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इंग्रजांचा सात लाखांचा तनखा घेऊन काशीवासी झाले, त्यांच्या नावाशी हा घाट जोडलेला आहे. त्यांच्यामागे आश्रित, कारकून, पुरोहित आले. तेही एक स्थलांतरच होते. (उत्तरेकडे पुलापाशी असलेला राजघाट वेगळा. नवख्याचा तिथे घोटाळा होतो.)

या वेळी सोबत नववीतली नात होती. तिला भूगोलाचा प्रकल्प होता : हरित वाहतूक आणि लोकसंख्याबदल. पायऱ्यांवर बसून ती नावा मोजत होती. डिझेलच्या किती, सीएनजीच्या किती, वल्ह्यांच्या किती. तिसरा रकाना तिने स्वतःहून घातला होता. पुस्तकात डिझेलकडून सीएनजीकडे जाणे म्हणजे प्रगती. पण वल्ह्यांना तर धूर कधीच नव्हता. नावेवर इंजिन चढले ते फेऱ्या वाढवाव्या लागल्या म्हणून, आणि फेऱ्या वाढल्या त्या बाहेरून येणाऱ्यांमुळे. सीएनजीने काळा धूर आणि कानठळ्या कमी झाल्या, हे मान्यच. तरी तेही खनिज इंधनच.

मग तिने विचारले, ‘‘आजोबा, शहराची लोकसंख्या किती लिहू?’’

प्रश्न जुना आहे. 1801 मध्ये शहर कोतवालाने बनारसची लोकसंख्या सुमारे 5.8 लाख सांगितली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी 1828-29 मध्ये मोजणी केली, तेव्हा ती 1.8 लाखांच्या आसपास भरली. आधीचा आकडा बव्हंशी अंदाजाचा होता. आज आपली चूक उलट्या दिशेची आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत 11,98,491 माणसे. हा आकडा खोटा नाही, अपुरा आहे. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते. गणनेच्या दिवसांत तो थोडा काळ जरी घरी असला, तरी त्याची नोंद तिथेच होते. दोन दिवसांसाठी आलेला यात्रेकरू इथल्या रकान्यात येत नाही. रस्ता, सांडपाणी आणि नाव मात्र तो वापरतोच.

सेवेत असताना दरडोई पाणी, दरडोई कचरा असे हिशेब मीही निवासी आकड्यावरच मंजूर केले. तीर्थक्षेत्रासाठी ती पद्धत चुकीची आहे, हे तेव्हा सुचले नाही.

24 मार्च 2023 रोजी छावणी स्थानक ते गोदौलिया या पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी झाली. क्षमता दर तासाला एका दिशेने 3,000 प्रवासी. अरुंद रस्त्यांच्या शहरात ही कल्पना मला पटते. पण गोदौलियाला उतरलेली गर्दी पुढे त्याच गल्ल्यांतून पायी घाटावर येणार. तिच्यासाठी गल्ली किती रुंद, शौचालये किती, नाविकांना थांबा कुठे, हे ठरवायला कोणता आकडा हाताशी आहे?

पुढील जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. त्या वर्षी महापालिकेने घाटांवर स्वतंत्र मोजणी करावी : एक साधा दिवस, एक देवदिवाळीचा. निषादांच्या नावा आणि फेऱ्याही त्यात याव्यात, कारण इंजिन बदलण्याचा भार अखेर त्यांच्यावर येतो.

नातीने 11,98,491 लिहिले, खाली एक ओळ कोरी सोडली आणि पुन्हा नावा मोजू लागली.