राखीव इंजिन लहान चालेल, टाकी मात्र वेगळी

होडीवरचं राखीव आउटबोर्ड इंजिन मुख्य इंजिनाच्या तोडीचं असावं, असा समज आहे. पण २० फुटी फायबर होडी पाणी कापत संथ चालते तेव्हा तिचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपासच अडतो. तेवढ्या वेगाने बंदर गाठायला ६ ते ८ अश्वशक्ती सहसा पुरते. खरी मेख बसवण्यात आहे. हे इंजिन मागच्या फळीच्या एका कडेला लागतं, म्हणून लाटेवर होडी कलली की पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरतो. त्यामुळे फळी २० इंची असली तरी शाफ्ट २५ इंची घ्यावा. पंचवीस ते चाळीस किलोंचं जादा ओझं कशाला, हा आक्षेप रास्तच. पण खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ लागली की वल्ही पुरत नाहीत. आणि टाकी वेगळीच हवी: पेट्रोलमध्ये पाणी शिरलं, तर एकाच टाकीवरची दोन्ही इंजिनं बंद पडतात.