द्राक्षवेलींचा रेसिडेंट

संस्थानी शहरातील जुन्या घराण्यांना ‘रेसिडेंट’ हा शब्द नवा नाही. मोठा बंगला, पाठीशी फौज आणि दरबारावर वचक, एवढे सारे त्या एका शब्दात येते. पण 1833 साली न्यूझीलंडमध्ये वायटांगी येथे ब्रिटिश रेसिडेंट म्हणून गेलेल्या जेम्स बस्बीपाशी ना शिपाई होते, ना कायद्याचा अधिकार. तोफा नसलेली युद्धनौका, अशी लोक त्याची थट्टा करीत. 1840 च्या वायटांगी कराराच्या मसुद्यात त्याचा हात होता, म्हणून इतिहासाने त्याची नोंद ठेवली. परंतु त्याचे अधिक टिकाऊ कार्य निराळेच आहे.

बस्बी मूळचा एडिंबरोचा. 1824 मध्ये वडिलांबरोबर तो सिडनीस आला. त्या वसाहतीत रमचा सुळसुळाट होता. तेथे सौम्य द्राक्षमद्य घरोघर होऊ लागले तर लोकांचे भलेच होईल, असे त्याचे मत. द्राक्षलागवडीवर त्याने 1825 मध्ये ग्रंथ लिहिला, अनाथ मुलांच्या शाळेत ती विद्या शिकविली आणि हंटर नदीकाठच्या आपल्या जमिनीस ‘कर्कटन’ नाव दिले.

1831 मध्ये तो स्पेन व फ्रान्समधून मळ्यामळ्यांतून हिंडला. छाटणी, माती, पिंपे, सारे टिपून घेतले. एकट्या माँपेल्येच्या वनस्पतिउद्यानातून त्याला 437 जाती मिळाल्या; एकूण संग्रह साडेपाचशेच्या घरात गेला. समुद्रप्रवासातून 362 जाती जगल्या. त्या त्याने विकल्या नाहीत. सिडनीच्या सरकारी उद्यानास दिल्या.

आपल्या नाशिककडील बागाईतदार जाणतो की, बी पेरून जातिवंत द्राक्ष मिळत नाही. मूळ वेलीची काडीच लावावी लागते. गाण्याची तालीमही अशीच हातोहात चालते. सिडनीतील वेलींची पुढे हेळसांड झाली. पण त्यांच्या काड्या तत्पूर्वीच कर्कटनला व इतर वसाहतींत पोचल्या होत्या. त्यांतूनच ऑस्ट्रेलियाच्या कित्येक मळ्यांची परंपरा चालली.

वायटांगीतही बस्बीने वेली लावल्या. 1840 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल याने तेथील पांढरे मद्य चाखून त्याची तारीफ केली. फ्रेंच माणसाची ही दाद काही लहान नव्हे! बस्बी 1871 मध्ये इंग्लंडात वारला. त्याच्या रेसिडेंटपदाची सत्ता कोणी मानली नाही. वेलींनी मात्र त्याचा शब्द राखला.