पद्मिनीचा एसी, रेडिएटरच्या मर्जीने

गळीत हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत, मार्चच्या भर दुपारी, मंचरहून पारगावकडे निघालेल्या गाडीला स्वतःचा वेग ठरवता येत नाही. दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे चाललेला ट्रॅक्टर पुढे असतो, त्याच्यामागे उसाने भरलेल्या ट्रॉल्या, आणि पुढे काढायला जागा मिळेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहायचे. आजच्या गाडीला याचे काही वाटत नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनीत हौसेने एसी बसवून घेतला असेल, तर तिची खरी परीक्षा अशाच रस्त्यावर होते.

पद्मिनी ही अस्सल मुंबईकर गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडत असे. पुढे इटलीच्या फियाटशी जमले. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिन्या मात्र अजून गावोगाव आहेत. कुणी वडिलांची गाडी म्हणून सांभाळतो, कुणी शोधून विकत घेतो.

या गाडीची स्वतःची हवेची सोय साधी होती. पुढच्या दारांना तिकोनी काच, ती फिरवली की वारा थेट अंगावर. गाडी धावत असेल तोवर हे पुरते. उन्हात पारा ३८-४० अंशांवर गेला आणि गाडी थांबली, की आतल्या माणसाची शेकोटी होते. मग एसीचा विचार सुरू होतो.

पहिली शंका इंजिनावर घेतली जाते. १०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती. हे कॉम्प्रेसर काय ओढणार? पण १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन अवघे ७९६ सीसीचे होते, ताकद याच घरातली, आणि तिने एसी वर्षानुवर्षे चालवला. चढावर दम लागे, हे खरे. फरक ताकदीपेक्षा उष्णतेच्या बंदोबस्तात होता. मारुतीच्या रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा होता. इंजिन कितीही हळू फिरो, पंखा आपल्या वेगाने फिरायचा. पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंदावले की तोही मंदावतो, म्हणजे वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते नेमका तेव्हाच.

आकडे पाहिले की अडचण स्पष्ट होते. लहान गाडीचा एसी केबिनमधून साधारण तीन-साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. कॉम्प्रेसरने घातलेली ऊर्जा तीत मिळवून साडेचार-पाच किलोवॅट कंडेन्सरमधून बाहेर पडते. हा कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढ्यात. बाहेरची हवा ४० अंशांची असेल, तर गर्दीत रांगताना रेडिएटरपर्यंत ती ५२ अंशांची होऊन पोहोचू शकते. इंजिनचे पाणी ९५ अंशांवर धरले, तर आधी ५५ अंशांचा फरक होता, आता ४३ उरला. रेडिएटरची क्षमता याच फरकावर चालते. ती एका फटक्यात पाचव्या हिश्शाहून अधिक घटली. इंजिनवरचे ओझे मात्र वाढलेले.

म्हणून कामाची सुरुवात रेडिएटरवाल्याकडे व्हायला हवी. पारगावच्या परिसरात बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेलेले असते. नळ्यांत थर साचतो आणि निम्मा कोअर नावापुरता उरतो. तो खोलून साफ करायचा, गरज पडली तर कोअरच बदलायचा, आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरायचे. झाकणाकडेही लक्ष हवे. सहाशे मीटरच्या आसपासच्या या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, ०.९ बार दाब धरणारे झाकण हीच मर्यादा ११८ अंशांपर्यंत नेते. अर्थात जुन्या टाक्या आणि होज तो दाब सोसतील का, हे आधी तपासावे लागते.

त्यानंतर पंखा. पंख्याभोवती पत्र्याचे कवच बसवले, की तो आजूबाजूची गरम हवा फिरवत न बसता रेडिएटरमधूनच हवा ओढतो. खर्च थोडा आणि फायदा मोठा असलेला हा उपाय बरेचदा राहून जातो. कंडेन्सरला स्वतंत्र इलेक्ट्रिक पंखा हवाच.

एसीचे भाग निवडताना लहान गाडीचा छोटा रोटरी कॉम्प्रेसर आणि बारीक वाहिन्यांचा ॲल्युमिनियमचा पॅरलल-फ्लो कंडेन्सर घ्यावा. तेवढ्याच जागेत तो जुन्या वळणदार नळीच्या कंडेन्सरपेक्षा जास्त उष्णता टाकतो. जुने एसी आर-१२ वायूवर चालत. ओझोनच्या थरासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बाद होत गेला. त्याजागी आलेल्या आर-१३४ए ला कंडेन्सर अधिक सक्षम लागतो. ब्लोअर आणि पंखे मिळून वीस-पंचवीस अँपिअर सहज ओढतात, त्यामुळे जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आणि वेगळ्या रिलेंची वायरिंग ओघानेच येते. स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या पद्मिनीत डॅशबोर्डखालची जागा मोकळी असते. ब्लोअरचा डबा तिथे लटकवता येतो.

सर्वांत मोलाचा भाग सर्वांत स्वस्त आहे: पाणी ठरावीक तापमानावर गेले की कॉम्प्रेसरचा क्लच आपोआप सोडवणारा थर्मो-स्विच. शिकागोत १९३९ साली मांडलेल्या पॅकार्ड गाडीच्या एसीला असा क्लचच नव्हता. इंजिन चालू आहे तोवर कॉम्प्रेसर फिरत राही. तो थांबवायला गाडी उभी करून पट्टा काढावा लागे.

मुळात आत शिरणारी उष्णता कमी केली, तर लहान एसीही पुरतो. छताच्या अस्तरामागे आणि पायाखालच्या गालिच्याखाली उष्णतारोधक थर, दारांची नवी रबरे, इंजिनमागच्या पत्र्यातली उघडी भोके बंद, एवढ्यानेही फरक कळतो. काचांवर फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, त्यामुळे तो मार्ग भरवशाचा राहिलेला नाही.

एक पथ्य कायद्यामुळेही येते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, आणि १९७४ च्या पद्मिन्यांनी ही पन्नाशी गाठली आहे. म्हणून पत्रा न कापता, मूळच्या बोल्टांवर ब्रॅकेट बसवून, पुन्हा उतरवता येईल अशा बेताने काम करून घ्यावे.

काम झाल्यावर आकडे दाखवणारा तापमानाचा मीटर लावून गाडी एप्रिलच्या दुपारी एसीसह पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवावी. काटा चढतच राहिला, तर पैसे देण्याआधी ती पुन्हा रेडिएटरवाल्याकडे न्यावी; वायू वाढवून घेण्याचा सल्ला मानू नये.