वारावर जेवणारे गुरुजी

वार लावून शिकलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर सांगतात. सोमवारी एकाकडे पान, मंगळवारी दुसऱ्याकडे, आणि मधल्या वेळात अभ्यास. जर्मनीतल्या हाले शहरात तीनशे वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी एका ल्यूथरपंथी धर्मगुरूने जेवणाची अशीच सोय केली. मात्र जेवणाच्या बदल्यात रोज दोन तास शाळेत मुलांना शिकवावे लागे. शिक्षक घडवण्याची एक मोठी परंपरा या पंगतीतून उभी राहिली.

त्या धर्मगुरूचे नाव ऑगस्ट हेर्मान फ्रांके. हालेचे विद्यापीठ 1694 साली सुरू झाले. फ्रांके तिथले प्राध्यापक, आणि शेजारच्या ग्लाउखा या दरिद्री वस्तीचे धर्मगुरूही. 1695 साली त्यांच्या दानपेटीत चार टालर आणि सोळा ग्रोशेन निघाले. एवढ्याशा पैशात त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. पुस्तके आणून वाटली, शिकवायला एक विद्यार्थी नेमला. पुस्तके बहुतेक परत आलीच नाहीत. फ्रांके यांनी शाळा बंद केली नाही. 1727 साली ते वारले तेव्हा त्यांच्या शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुले शिकत होती.

एवढ्या मुलांना शिक्षक आणायचे कुठून? त्या काळी तिथल्या खेड्यातला शिक्षक म्हणजे बरेचदा चर्चची घंटा वाजवणारा सेवक, नाहीतर शिंपीकाम करता करता अक्षरे गिरवून घेणारा कारागीर. शाळा काढा, असे मार्टिन ल्यूथर यांनी 1524 सालीच नगरांच्या कारभाऱ्यांना बजावले होते. शिकवणाऱ्यालाही आधी शिकवावे लागते, हे मात्र फारसे कुणी मनावर घेतले नव्हते. फ्रांके यांनी घेतले. 1696 साली त्यांनी वारावर जेवणाऱ्या या विद्यार्थ्यांचा अध्यापकवर्ग बांधला. 1707 साली त्यातल्या निवडक मुलांसाठी वेगळा वर्ग निघाला. तिथे दोन वर्षे तयारी करायची आणि पुढे तीन वर्षे तिथल्याच शाळांत शिकवायचे, असा करार असे. या नवशिक्यांना कुणी वाऱ्यावर सोडत नसे. त्यांच्या तासांवर निरीक्षकांची नजर असे आणि वर्गात काय जमले, काय फसले याची बैठकांत चर्चा होई.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ही बैठक. बी.एड.ला असताना मी रात्र रात्र जागून पाठ टाचण काढत असे. अपूर्णांकांच्या पाठासाठी पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापल्या होत्या. पाव भाकरी आणि अर्धी भाकरी जोडून दाखवली, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, दोन तुकडे झाले.’ त्याचे बरोबरच होते, आणि पुढे काय बोलावे ते मला सुचेना. निरीक्षण करायला आलेले गुरुजी तेव्हा व्हरांड्यात होते. तास संपल्यावर त्यांनी वहीवर सही केली, ‘पाठ चांगला झाला’ असा शेरा मारला आणि ते गेले. त्या मुलाला काय सांगायला हवे होते, ते मला कुणी सांगितले नाही.

फ्रांके यांचे सगळेच घेण्यासारखे नव्हते. मुलाचा हट्टी स्वभाव मोडायलाच हवा, असे ते मानत. खेळात वेळ घालवणे त्यांना पाप वाटे. मुलांवर त्यांचे प्रेम होते, पण मोकळेपणा त्यांनी दिला नाही. हा दोष लहान नाही. दुसरीकडे, त्यांनीच जगभरच्या वस्तूंचा मोठा संग्रह जमवला आणि मुलांना तो डोळ्यांनी पाहू दिला. तो संग्रह हालेत आजही आहे.

या हालेचा एक धागा थेट मराठी सिंहासनापर्यंत येतो. तिथे शिकलेला क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्त्स हा मिशनरी 1750 साली भारतात आला. तंजावरच्या तुळजाराजांनी मरणापूर्वी आपला दत्तक मुलगा, दहा वर्षांचा सरफोजी, त्याच्या हाती सोपवला. सरफोजीराजांनी आपला धर्म सोडला नाही, पण गुरूलाही ते विसरले नाहीत. श्वार्त्सचे संगमरवरी स्मारक त्यांनी तंजावरच्या चर्चमध्ये उभारले. पुढे त्यांनी नवविद्या कलानिधी शाळा चालवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या.

आज हालेच्या विद्यापीठाला मार्टिन ल्यूथर यांचेच नाव आहे. ते आता सरकारी आहे आणि कुठल्याही धर्माच्या मुलाला तिथे शिक्षक होता येते. विद्यापीठातला अभ्यास संपला की पहिली राज्य परीक्षा होते. मग वर्षाहून जास्त काळ अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या वर्गात शिकवायचे आणि नंतर दुसरी परीक्षा द्यायची. उमेदवारीच्या या काळात पगारही मिळतो. म्हणजे जेवणाची सोय अजून आहेच.

आपल्या शाळांतही सरावपाठासाठी छात्राध्यापक येतात. शिक्षकमित्रांनो, यंदा ते तुमच्या वर्गात आले, तर व्हरांड्यात जाऊ नका. मागच्या बाकावर बसा, पूर्ण तास ऐका आणि घंटा झाल्यावर त्यांच्याशी दहा मिनिटे बोला.