जत्रेची रात्र आणि पोटाचे दुखणे

कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या जिल्ह्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा, मग गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा, पुढे कौल घेऊन तारीख ठरणारी आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. ज्या गावात रात्री जत्रा, तिथले चार-पाच रुग्ण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या बाकावर हजर असतात. सर्वांचे सांगणे एकच. "डॉक्टरांनू, काल जत्रेक गेल्लंय. भजी बाधली वाटता."

वर्षानुवर्षे हे ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला भज्यांची बाजू घ्यावीशी वाटते. उकळत्या पाण्यात जंतू मरतात हे आपण जाणतो. भजी तर त्याहून कितीतरी अधिक तापलेल्या तेलात तळून निघतात. कढईतून काढलेली, हाताला चटका देणारी भजी पित्त वाढवतील, पण त्यांतून जुलाबाचे जंतू पोटात जाण्याची शक्यता फार थोडी. मग पोट बिघडते ते कशाने?

भज्यांबरोबरच्या चटणीने. ओल्या नारळाची चटणी दुपारीच वाटलेली असते. ती वाटताना घातलेले पाणी कोणत्या विहिरीचे, हे विचारण्याची पद्धत नाही. आपल्याकडची जत्रा म्हणजे रात्रभराचा बाजार. पालखीची प्रदक्षिणा होते, बारानंतर दशावतार उभा राहतो, संकासुर येऊन जातो आणि पहाटेपर्यंत प्रेक्षक अधूनमधून उठून हॉटेलात जाऊन येतात. रात्री आठला ज्या पातेल्यातून चटणी वाढली, त्याच पातेल्यातून पहाटे तीनलाही वाढली जाते. अनुकूल हवेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. थंडीच्या रात्री हा वेग कमी असतो खरा, पण चुलीशेजारी ठेवलेल्या पातेल्याला थंडी ती कसली?

दुसरा संशयित म्हणजे मांडवामागची बादली. बशा, चमचे, पेले सारे त्यात बुचकळून पुन्हा आपल्यासमोर येते. पहिल्या तासाभरात तिच्यातले पाणी गढूळ होते, तरी ते बदलायला गर्दीत कोणाला सवड नसते. मी स्वतः जत्रेत गेलो की आधी हॉटेलाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारतो. मालक ओळखीचे आहेत, हसतात. बादली पाहायची आणि मगच बसायचे, असा माझा नेम आहे. उसळ-पाव खायचा तर उसळीतून वाफ येते ना, एवढे पाहावे. "गरम करून देतो" या शब्दावर मात्र विसंबू नये. वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर तिच्यातील जंतू अन्नात एक विष तयार करतात आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा हेच कारण असते.

तिसरा संशयित बर्फ. आपला किनारा मासेमारीचा, त्यामुळे बर्फाचे कारखाने आहेत आणि त्यांतला बराच बर्फ मासळीसाठी असतो. त्यासाठी पिण्याचे पाणी वापरलेले असेलच असे नाही आणि लाद्या गोणपाटात गुंडाळून जमिनीवरून ओढल्या जातात. मासळीला ते चालते, गोळ्याला चालत नाही. खाण्याचा व न खाण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. तेव्हा सरबत ओतण्यापूर्वी लादीकडे एकदा पाहावे; काळा खट्टा पडल्यावर सगळेच बर्फ सारखे. थंडीने जंतू मरतात हा समजही सोडून द्यावा. ते गोठून पडून राहतात आणि पोटात गेल्यावर पुन्हा कामाला लागतात.

आणखी एक गोष्ट, थोडी आमच्याच पेशाविरुद्ध आणि या वृत्तपत्राविरुद्धही. छापील कागदावर भजी घेऊ नका. शाईतील द्रव्ये गरम तेलात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये तशी सूचना काढली होती. हा लेख वाचून झाल्यावर तोही या कामाला वापरू नये.

मग जत्रेत निर्धास्तपणे खावे ते काय? आपला खाजा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आले घातलेल्या गुळाचा पाक. त्यात पाण्याचा अंश इतका कमी की जंतूंना वाढायला वावच मिळत नाही, म्हणूनच तो जत्रेहून आणून आठवडाभर पुरवता येतो. त्यावर माश्या बसू दिल्या नाहीत म्हणजे झाले. कडक लाडूचेही तसेच. मधुमेही मंडळींनी मात्र हे वाक्य माझी परवानगी म्हणून घरी दाखवू नये.

एवढे सांभाळूनही पोट बिघडलेच, तर पुढची चूक घरात होते. ती आमच्या घरातही झाली आहे. माझा सात वर्षांचा भाचा जत्रेत गोळा खाऊन आला आणि पहाटे जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मी बाहेरगावी होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "पोटाला आराम द्या" म्हणून त्याचे पाणी बंद केले. दुपारी मी पोहोचलो तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ सुकलेली, सकाळपासून लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती. सलाईन लावावे लागले. मुलगा वाचला, आज धडधाकट आहे. पण डॉक्टरच्या घरात हे झाले, हे मी विसरलेलो नाही. मी बहिणीला कधीच नीट समजावून सांगितले नव्हते.

जुलाबात जीव जातो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती देऊन पाजायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तेच आपण घरी करायचे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नये. आरोग्य केंद्रातील पुडी मिळाली तर अधिक चांगले. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज उत्तम. रंगीत बाटलीतले गोड पेय नको, त्यातील जादा साखरेने जुलाब वाढतात. शौचातून रक्त पडले, मूल ग्लानीत गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा पाणी पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

खरेदीबद्दल थोडक्यात. काकणे, फुगे, खेळणी हवी तेवढी घ्या, पण गोंदवून घेण्याच्या आणि कान टोचण्याच्या दुकानापुढे थांबू नका. एकच सुई दहाजणांना फिरते, आणि 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ती लगेच दिसत नाही. 'अ' प्रकारची असेल तर दोन ते सात आठवड्यांनी उगवते. विषमज्वरही आठवडा ते महिनाभर घेतो. तोवर जत्रा कोणाच्या ध्यानात नसते आणि रुग्ण मला आदल्या दिवशी काय खाल्ले ते सांगत बसतो. म्हणून घरातल्या दिनदर्शिकेवर जत्रेच्या तारखेला एक खूण करून ठेवा. पुढे ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर दवाखान्यात शिरताना आधी ती तारीख सांगा.