योगायोगाची सोबत

गोदावरीला पूर आला की नाशिककर मोजपट्टी शोधत बसत नाहीत. रामकुंडाजवळ आमचा दुतोंड्या मारुती पाण्यात उभा असतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी गावभर होते आणि तिच्यावरून काठचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. आमच्या घरात हाच मारुती आणखी एका कामाला येतो. सकाळी चहाच्या वेळी हे मला विचारतात, "आज पाणी कुठवर?" मी म्हणते, "कमरेपर्यंत." मग दुधाची पिशवी कोणी फोडायची, कुकरचे झाकण कोणी लावायचे आणि भाजी कोणी चिरायची, ह्याचा निकाल लागतो.

पाणी म्हणजे माझे दुखणे. २०१३ साली त्याला नाव मिळाले. संधिवात म्हटला की लोकांना म्हातारपणची गुडघेदुखी आठवते. माझा तो नव्हे. माझा ऱ्हुमॅटॉइड जातीचा. जुनी माणसे आमवात म्हणतात तो. ह्यात शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते. घरच्या गुरख्याने चोर सोडून घरच्याच माणसांना काठीने बडवावे, तसा हा प्रकार. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट अधिक होतो. सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटे लाकडासारखी असतात. वेणी घालायची तर कंगवा हातात धरवत नाही. रोग समूळ जात नाही, पण औषधाने मुठीत राहतो. त्यासाठी मी दर बुधवारी मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या घेते. हे औषध रोज घ्यायचे नसते, आठवड्यातून एकदाच. जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी, आणि यकृत व रक्त ठीक आहे ना हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्ताची तपासणी. एकोणतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. खडू धरवेना, तेव्हा २०१४ साली राजीनामा दिला आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले.

खुर्चीत बसल्यावर मला योगायोग दिसू लागले. आधी घरचे, शाळेचे, सणावाराचे इतके व्याप होते की असल्या गोष्टी समोरून गेल्या तरी दिसल्या नसत्या. आता बरणीचे झाकण निघेना म्हणून ती बाजूला ठेवावी, तर नेमकी त्याच वेळी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात यावी आणि तिने बोलता बोलता ते उघडून द्यावे. सिन्नरच्या मावशीची आठवण काढावी, तर संध्याकाळच्या आत तिचा फोन यावा. अशा दिवशी मला वाटे, आपण अगदीच एकट्या पडलेलो नाही. कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे.

आमचे हे गणिताचे शिक्षक. निवृत्त झाले तरी गणित सुटलेले नाही. मी मावशीच्या फोनची हकीगत सांगितली की ते विचारत, "आणि तू आठवण काढलीस नि फोन आला नाही, असे किती दिवस गेले? ते लिहून ठेवलेस का?" मी अर्थात ठेवलेले नसत. एकदा ते म्हणाले, "तेवीस माणसे एका खोलीत बसव. त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याचा संभव निम्म्याहून थोडा जास्त असतो." माझा विश्वास बसेना. त्यांनी कागदावर मांडून दाखवले: तेवीस माणसांच्या जोड्या होतात २५३, आणि प्रत्येक जोडीला संधी आहे. आमच्या भजनी मंडळात सव्वीस बायका. मी चौकशी केली, तर खरोखरच दोघी एका तारखेच्या निघाल्या! शेजारी बसून वर्षानुवर्षे टाळ कुटणाऱ्या त्या दोघींना हे ठाऊक नव्हते.

केंब्रिजचे गणिती लिटलवुड ह्यांच्या नावाने सांगतात तो हिशेबही ह्यांनी मला शिकवला. माणूस दिवसातले आठ तास डोळे उघडे ठेवून वावरतो आणि दर सेकंदाला काही ना काही पाहतो, ऐकतो असे धरले, तर दिवसाला २८,८०० गोष्टी होतात. पस्तीस दिवसांत दहा लाखांवर. म्हणजे दहा लाखांत एखादीच घडावी अशी नवलाची गोष्ट प्रत्येकाच्या वाट्याला महिन्या-सव्वा महिन्याने यायलाच हवी. मी म्हटले, "म्हणजे तुमच्या मते सगळे फुकटच?" ते म्हणाले, "फुकट कशाला? फक्त त्याची आज्ञा मानू नकोस."

तेव्हा मला ह्या बोलण्याचा राग आला होता. पुढे ते खरे ठरले, आणि त्याची खूण माझ्या हातावर आहे.

२०१७ सालची गोष्ट. त्या वर्षी पाणी वरचेवर छातीला लागत होते. गोळ्यांच्या दिवशी मळमळे, तोंडाची चव जाई. अशात एका आठवड्यात तिघींनी मला एकाच औषध देणाऱ्याचे नाव सांगितले. पहिली शेजारीण, दुसरी माझी जुनी सहशिक्षिका, तिसरी भाजीच्या गाडीपाशी भेटलेली, जिची माझी धड ओळखही नव्हती. तिघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. आता तुम्हीच सांगा, ह्याला संकेत म्हणायचे नाही तर काय? त्या गृहस्थांची पहिली अट अशी की डॉक्टरी गोळ्या बंद करायच्या. मी केल्या. ह्यांना सांगितले नाही. बुधवार आला की गोळ्या कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकत असे. एकोणतीस वर्षे मुलांना खोटे बोलू नये असे शिकवणारी मी, चार महिने रोज खोटे बोलले.

पहिला महिना बरा गेला. मळमळ थांबली म्हणून मला वाटले, गुण आला. तिसऱ्या महिन्यात मनगटे सुजली. चौथ्यात उजव्या हाताची अनामिका वाकू लागली आणि एका रात्री मला कूस बदलायलाही ह्यांना हाक मारावी लागली. तेव्हा रडत सगळे सांगितले. हे काही बोलले नाहीत. सकाळी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र खिडकीच्या उजेडात धरले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "सूज आपण उतरवू. पण जेवढे हाड झिजले, ते परत भरून येत नाही, बाई."

अनामिका आजही वाकडी आहे. अंगठी कापून काढावी लागली.

पुढे काही दिवसांनी ह्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यातून एक गुलाबी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्या औषध देणाऱ्याची जाहिरात! त्या आठवड्यात आमच्या भागातल्या घरोघरीच्या वर्तमानपत्रांत ती घालून आली होती. तिघींनी तो एकच कागद वाचला होता, आणि मी आजारी आहे हे तिघींना ठाऊक होते. मी ज्याला संकेत समजले, तो योगायोगसुद्धा नव्हता. फक्त तो कागद माझ्या नजरेतून सुटला होता.

त्यानंतर मी योगायोगांशी बोलणेच टाकले. मावशीचा फोन आला तरी मनात म्हणे, येणारच, पस्तीस दिवस झाले असतील. पण खोटे कशाला सांगू? दुखणे तेवढेच राहिले आणि दिवस मात्र ओसाड झाले.

ते मौन २०१९ च्या ऑगस्टात सुटले. त्या महिन्याच्या सुरुवातीला गोदावरीला मोठा पूर आला होता. सगळे गाव पूर पाहायला लोटले आणि मी घरात. माझे स्वतःचे पाणी गळ्याशी आलेले. आधल्याच आठवड्यात मी ह्यांना सार्वजनिक वाचनालयातून पु. ल. देशपांड्यांचे 'सुंदर मी होणार' हे नाटक आणायला सांगितले होते. हे वाचनालय १८४० सालचे, आणि आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तिथलीच पुस्तके. ह्यांनी नावाचा घोळ केला. नाटकाऐवजी, त्याच नावाची कविता ज्यात आहे, ते कवी गोविंदांच्या कवितांचे पुस्तक घेऊन आले. मी चिडले. पण पाऊस थांबेना, दुसरे पुस्तक नाही, म्हणून उघडले.

गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म १८७४, मृत्यू १९२६. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्यातले. स्वातंत्र्याची गाणी रचणारे. त्यांची गाणी छापल्याच्या खटल्यात १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एवढे मला शाळेपासून माहीत होते. माझ्या ध्यानात नव्हते ते हे, की लहानपणीच ह्या माणसाचे दोन्ही पाय दुखण्याने गेले होते. गावाला चेतवणारी ती गाणी रचणारा कवी स्वतः चालू शकत नव्हता. आणि मित्रमेळ्याच्या तरुणांची ऊठबस होती ती तिळभांडेश्वराच्या गल्लीत. वाचकहो, त्या गल्लीतून मी सात वर्षे दप्तर घेऊन शाळेत गेले आहे! धडधाकट पायांनी, उड्या मारीत. आणि एकदाही वर पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यात नाटकही आणवले. त्याची नायिका दीदी पायांनी अधू, आणि कविता करणारी. पुलंनी ते लंडनच्या एलिझाबेथ बॅरेट ह्या कवयित्रीच्या आयुष्यावरील इंग्रजी नाटकावरून बेतले. ही एलिझाबेथही पंधराव्या वर्षापासून आजारी. विम्पोल रस्त्यावरच्या खोलीत तिने वर्षे काढली. १८४६ साली रॉबर्ट ब्राउनिंग ह्या कवीशी गुपचूप लग्न करून ती इटलीला गेली. लग्नाने तिचे दुखणे गेले नाही. १८६१ साली ती वारली तोवर ते होतेच. पण मधली पंधरा वर्षे तिला सोबत होती, आणि त्या वर्षांत तिने लिहिले, मूल वाढवले.

लंडनची एक, नाटकातली एक, आमच्या गल्लीतला एक. आणि खिडकीपाशी खुर्चीत बसलेली मी. ह्यांच्या नावाच्या घोळामुळे चौघे एका खोलीत आलो. हे म्हणाले, "चुकीला योगायोग म्हणतेस होय?" मी म्हटले, "म्हणते. आणि गुलाबी कागदात नि ह्यात काय फरक तेही सांगते. त्याने मला काहीतरी करायला सांगितले, घाबरवले, घाई केली. हा काही मागत नाही. नुसता येऊन शेजारी बसला आहे."

तेव्हापासून माझा नेम ठरला. योगायोगाची सोबत घ्यावी, सल्ला घेऊ नये. सल्ल्यासाठी डॉक्टर आहेत, रक्ताचे अहवाल आहेत, आणि घरात एक गणिताचे शिक्षक आहेत.

शेवटची हकीगत अलीकडची. रक्त द्यायला गेले होते. सुई टोचणारी मुलगी, मुलगी कसली, चाळिशीची बाई, म्हणाली, "मूठ आवळा." मी म्हटले, "बाळ, ती आता आवळत नाही." तिने माझा हात हातात घेतला, चिठ्ठीवरचे नाव वाचले आणि एकदम थांबली. "बाई, मी तुमच्या वर्गात होते. चौथीत." नाव सांगितल्याबरोबर मला आठवली, आणि माझा जीव चोरट्यासारखा झाला. हिचे अक्षर फार वाईट, म्हणून मी हिच्या बोटांवर पट्टी मारली होती. ते विसरले नव्हते मी. पण ती म्हणाली, "मला 'ळ' येत नव्हता. तुम्ही माझा हात धरून आख्खी पाटी भरून गिरवून घेतलात. अजून 'ळ' काढताना तुमची आठवण येते." पट्टीचे तिला आठवत नव्हते, की आठवत असून तिने गिळले, ते मी विचारले नाही. तिने माझी वाकडी अनामिका एका हाताने हळूच बाजूला धरली आणि सुई टोचली. मला कळलेसुद्धा नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितले. मला वाटले, आता हिशेब निघणार. निघालाच. "वर्गात चाळीस मुले, वर्षे एकोणतीस. हजारावर विद्यार्थी झाले तुझे, आणि पुष्कळसे ह्याच गावात. एखादी भेटली तर नवल काय?" मग चष्मा पुसत थोडे थांबले आणि म्हणाले, "ती भेटली ह्याचे नवल नाही. तिने 'ळ' लक्षात ठेवला, ह्याचे आहे. ते काही गणितात बसत नाही."

दिवाळी आली आहे. चकलीचा सोऱ्या मला दाबवत नाही. तो हे दाबतात, आणि त्यांच्या चकल्यांना वेटोळे कधी पुरे येत नाही. आज सकाळी त्यांनी विचारले, "पाणी कुठवर?"

मी म्हटले, "घोट्याला. चला, भाजणी मी मळते."